इनास, ते चित्र जुनं नाही

इनास,

तुझ्या चेहऱ्यावर कुणीतरी पावडर लावली होती. गालांवर जरा जास्तच, डाव्या कानापाशी कमी. शवपेटीजवळच्या रांगेत माझा नंबर आला आणि माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. लोक रडत होते, कुणी क्रुसाची खूण करत होतं, आणि मी तुझा रंग तपासत होतो. काय करू? विम्याचा सर्व्हेअर म्हणून उभी हयात काशीमीऱ्याच्या गॅरेजांत गेली. ठोकलेला ट्रक रंगवून आणला की नव्या रंगाखाली काय दडलंय ते शोधायचं, एवढंच मला येतं. तू उठून बसला असतास तर म्हणाला असतास, "मयेकर, आतला पत्रा ओरिजिनल आहे रे, लिहून टाक."

तू गेलास यावरही माझा आधी विश्वास बसला नाही. मार्थाचा फोन आला तेव्हा मी तुझ्या बहिणीला धड सांत्वनाचा शब्दही बोललो नाही. "नक्की का? डॉक्टरनं बघितलं का? कोणता डॉक्टर?" असली उलटतपासणी घेतली. ती बिचारी उत्तरं देत राहिली. मग म्हणाली, "मयेकर, तुम्ही याच. येऊन बघा." मी आलो, बघितलं आणि भाईंदरला घरी जाऊन दार लावून बसलो.

आज तुझ्या महिन्याच्या मिस्साला, तुझ्या नावच्या प्रार्थनेला, उत्तनच्या तारोडीला जाऊन आलो. तिथं जे झालं ते तुला सांगायचंय. खरं तर सांगायचं नाही, जाब विचारायचाय.

आपली ओळखच मुळी संशयातून झाली. मासळीचा एक टेम्पो तुमच्या चॅपलच्या भिंतीवर आदळला म्हणून क्लेम आला होता. मी भिंत बघितली, टेम्पो बघितला, दोघांचं जमेना. भिंतीवरचा ओरखडा टेम्पोच्या बंपरपेक्षा वर होता. तू शाळेतून येत होतास, खांद्याला झोळी, बोटांना खडूचा रंग. थांबून मला म्हणालास, "टेम्पोत माल भरलेला होता तेव्हा तो खाली बसला होता, आता रिकामा आहे. पण तुम्ही म्हणता तेही बरोबर, कारण भरलेला टेम्पो आणखी खाली लागायला हवा." मला कळेना, हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा. मग तू म्हणालास, "आत या, तुमच्यासारखा डोळा असलेल्या माणसाला एक चीज दाखवतो." आणि मला त्या चित्रासमोर नेऊन उभं केलंस.

मोठ्या फळीवर रंगवलेलं, येशू किनाऱ्यावरून कोळ्यांना हाक मारतोय ते चित्र. एक म्हातारा कोळी जाळ्यावर वाकलेला, एक तरुण मान वळवून हाकेकडे बघतोय, डाव्या कोपऱ्यात खाली एक मडकं, मागे पाणी आणि आभाळ. पोर्तुगीजांच्या काळात गलबतावरून आलेल्या कुणा चित्रकारानं काढलं, असं गाव सांगतं, असं तू सांगितलंस. तू तरुण असताना छप्पर गळून ते खराब झालं, तेव्हा तू त्याची डागडुजी केलीस, एवढंही सांगितलंस. मी हात मागे बांधून बघत राहिलो. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यात ट्रकचा पत्रा दोन पावसाळे धड राहत नाही, आणि ही फळी शतकं टिकली?

तुला तसं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ट्रकपुढे रोज कोण मेणबत्ती लावतं?"

तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. दर रविवारी मी भाईंदरहून उत्तनची बस पकडून तुझ्या ओट्यावर यायला लागलो. तू इटलीतल्या जुन्या चित्रकारांबद्दल बोलायचास आणि मी तुझ्याबद्दल शंका घ्यायचो. समोर मार्था बोंबील उलटेपालटे करत असायची आणि मधूनच आपल्यावर डाफरायची. तुझ्या बोलण्यातलं बरंचसं मला पहिल्यांदा गप्पाच वाटलं. तू म्हणायचास, तिकडे आधी संतांच्या मागे नुसतं सोनं लावायचे. संत कुठे उभा आहे, उन्हात की सावलीत, पत्ता नाही. मग काही लोक जुन्या ग्रीक-लॅटिन पोथ्या उकरून वाचायला लागले, माणूस म्हणजे काय, त्यानं कसं जगावं, हे देवाच्या बरोबरीनं विचारायला लागले. चित्रकारांनी ते ऐकलं आणि सोन्याच्या जागी आभाळ आलं. संताच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, मेरीच्या कडेवरचं पोर जड दिसायला लागलं. चित्रकार मेलेल्या माणसाचे हात सोलून आतल्या शिरा बघायला लागले, कारण जिवंत हात खोटा काढायचा नव्हता.

"म्हणजे तेही सर्व्हेअरच," मी म्हणालो होतो.

"हां, आता कळलं तुला!" तू मांडीवर थाप मारलीस. मग तू त्या पंडिताची गोष्ट सांगितलीस. पोपला एका सम्राटानं अर्धं जग दान दिलं म्हणून एक दानपत्र होतं, शतकानुशतकं सगळे मानत आलेले. या बाबानं त्यातली लॅटिन तपासली आणि दाखवून दिलं की यातले शब्द त्या सम्राटाच्या काळी कुणी बोलतच नव्हतं, सबब कागद बनावट. ती गोष्ट मला इतकी आवडली की मी गॅरेजवाल्यांनाही सांगत फिरलो. तू म्हणालास, "मयेकर, तू त्या काळात असतास तर मोठा विद्वान झाला असतास. मूळ बघितल्याशिवाय मानायचं नाही, हेच त्यांचं सगळं शिक्षण." आजवर मला संशयी म्हणून लोकांनी शिव्या दिल्या होत्या, घरच्यांनीसुद्धा. विद्वान पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हा मला घोळात घेतोय.

कारण तुला माझ्याकडून काय हवंय तेच मला कळत नव्हतं. माझ्या धंद्यात जो गोड बोलतो त्याला काहीतरी पास करून हवं असतं. तुझ्याकडे गाडी नव्हती, विमा नव्हता. चहा तुझा, बोंबील तुझे, गोष्टी तुझ्या. असा माणूस मला सगळ्यांत जास्त संशयास्पद वाटतो.

म्हणून मी चित्र तपासत राहिलो. पत्र्यावर पुट्टी भरली असेल तर लोहचुंबक चिकटत नाही, ही आमची साधी युक्ती. एकदा मी तो चुंबक खिशात घालून आणला आणि तू आत शर्ट बदलतोयस तेवढ्यात चॅपलमध्ये जाऊन चित्राला लावला. लाकडाला चुंबक! सवयीचा गुलाम, दुसरं काय. तो खणकन खाली पडला. मग मी बोटांनी फळी ठोकून बघायला लागलो, तर मागे मार्था उभी. "काय वो, दार ठोकताय काय? येशू घरात न्हाय, भायेर गेलाय," म्हणाली आणि फुलं बदलायला लागली. तुला तिनं सांगितलं असणारच. तू मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, आणि तेही मी तुझ्याविरुद्धच धरलं.

आणि ती उभं राहायची जागा! तू मला फरशीवर एका ठिकाणी नेऊन उभं केलं होतंस. "इथून बघ. आधीची चित्रं देवाच्या डोळ्यांनी बघायची असायची. हे चित्र एका माणसानं एका जागी उभं राहून बघायचं. ही जागा तुझी." मी उभा राहिलो, पण पाण्याची रेघ नीट जुळेना. गुडघे वाकवले तेव्हा जुळली. तुझ्याकडे बघितलं, तर मी गुडघे वाकवून जेवढा होतो तेवढीच तुझी उंची.

"पोर्तुगीज काळातला चित्रकार नेमका तुझ्या मापाचा कसा काय?" मी विचारलं.

"तेव्हा माणसं बुटकीच असायची," तू म्हणालास. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

तरुण कोळ्याच्या भुवया मार्थासारख्या आहेत हेही मी तुला दाखवलं. त्यावर तुझं उत्तर तयार होतं. याच गावात पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी नांदतायत, मग भुवया काय भाईंदरहून आणायच्या? दुसऱ्या एका रविवारी तूच सांगून गेलास, की तिकडच्या एका पोरसवदा शिल्पकारानं नवी मूर्ती घडवली, ती जुनी दिसेल अशी मळवली आणि पुरातन म्हणून खपवली. पुढे त्याचं नाव जगभर झालं. मी ताठ बसलो. "मग?" म्हणालो. तू म्हणालास, "मग काय, मूर्ती छान होती," आणि मार्थाला चहा टाकायला सांगितलंस.

सगळ्यात मोठा वाद मात्र चित्राचा नव्हता, आणि तो अर्धाच राहिला. तू माणसाचा गौरव, माणसाची प्रतिष्ठा म्हणून फार रंगात आलास की मला राग यायचा. एकदा मी बोललोच. म्हटलं, कुठला माणूस, इनास? त्याच काळात तिकडून गलबतं निघाली ना? इथल्या किनाऱ्यावर उतरली, घोडबंदरला किल्ला बांधून बसली. तुझ्या पूर्वजांना कुणी विचारलं होतं, तुमची प्रतिष्ठा कशात आहे म्हणून? व्यापाऱ्यांनी पैसा पुरवला, पंडितांनी राजांची पत्रं लिहिली, चित्रात त्याच शेटजींचे चेहरे आले. बायकांना तर कुणी हिशेबातच धरलं नाही. मला तुमच्या त्या 'माणसा'चीच शंका येते.

तू हातातला कप खाली ठेवलास. मला वाटलं, दुखावला. मग म्हणालास, "शंका घे. घ्यायलाच हवी. पण ती घ्यायला तू कुणाकडून शिकलास ते सांग." मी म्हणालो, काशीमीऱ्याच्या मेकॅनिकांकडून. तू खो खो हसलास. पुढच्या वेळी बोलू म्हणालास. पुढच्या वेळी तुला खोकला होता, त्याच्या पुढच्या वेळी जास्त होता. तो विषय तिथेच पडून आहे. तुझ्या बाजूनं बोलायला आता कुणी नाही, आणि समोर कोणी नसताना वाद जिंकण्यात मला काडीचा रस नाही.

तर आजचं ऐक. मिस्सा झाली. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मला सगळं पटलं नाही, पण तो त्यांचा प्रश्न. बाहेर आल्यावर चॅपलच्या कमिटीचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मयेकर साहेब, इनास सरांच्या नावानं चित्राखाली संगमरवरी बोर्ड लावतोय. मजकूर तुम्ही एकदा बघा, तुम्ही दोघं त्याच्यावर फार बोलायचात." मजकूर असा होता, की पोर्तुगीज काळातलं प्राचीन चित्र, जीर्णोद्धार इनास सर. मी ठीक म्हटलं की तो उद्या दगडावर कोरायला जाणार.

ओट्यावर बसून शंका काढणं वेगळं. आता तुझ्या नावाखाली, दगडात, कायमचं खोटं कोरलं जाणार, आणि पास करणारा मी! आयुष्यात एक खोटा ट्रक मी पास केला नाही. नाही म्हणालो तर मिस्साच्या दिवशी गावासमोर तुला लबाड ठरवायचं. हो म्हणालो तर मूळ बघितल्याशिवाय मानू नये म्हणणाऱ्या माणसालाच मी फसवायचं. आणि याहून वाईट म्हणजे, इतक्या रविवारांत तू माझ्याशी एकदा तरी खरं बोललास का, हा प्रश्न. तो मला महिनाभर कुरतडतोय. गावाला फसवलंस ते समजू शकतो. पण मला?

मी सेक्रेटरींना थांबायला सांगून तुझ्या घरी गेलो. मार्था आल्यागेल्यांना चहा देत होती. जरा मोकळी झाली तसा मी आवाज खाली करून म्हणालो, "मार्थाबाय, वाईट वाटून घेऊ नका. पण बोर्डावर ते तसं लिहू देऊ नका. चित्र जुनं नाही. इनासनंच काढलंय ते."

तिनं कपबशी माझ्या हातात दिली. "हाय ना. मग?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत आहे?"

"समद्या गावाला ठाव हाय. जुनी फळी वाळवीनं खाल्ली, हातात घेतली तं भुगाच झाला. आमी समदे तिथंच होतो. आमची आई बसून रडली. मंग इनास बोलला, मी काढतो. ह्याच पडवीत काढलं. जालेवाला म्हातारा, तो आमचा शेजारी, बसल्या बसल्या झोपायचा. आन्‌ तो पोरगा मी हाय. एक पोर धड बसंल तं शप्पथ! मंग मलाच पोरगा केलं त्यानं."

मी विचारलं, मग जुनं जुनं म्हणून काय सांगता सगळ्यांना? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काही खुळ्यासारखं बोललोय. "व्होडीची फली बदलली तं व्होडीचं नाव बदलता काय? आमच्या पणजीनं ज्याच्यापुढं मेणबत्ती लावली तेच हाय ते." माझ्या मनात उत्तर होतं, मूळ ते मूळ आणि नक्कल ती नक्कल. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंत? सगळ्या गावाला माहीत आणि मी एकटाच येडा?"

तेव्हा ती खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्यानंच सांगून ठेवलं होतं. तुम्ही तो चुंबक घेऊन आलात ना, त्या दिवशी. समद्यांना बोलला, मयेकरला कोणी सांगायचं न्हाय. त्याचा संशय गेला तं तो कशाला येल उत्तनला?"

इनास, मी चहा खाली ठेवला. तुझ्या पेटीपाशी आलं नाही ते रडू तिथं आलं, सगळ्यांसमोर, नाकातून पाणी येईपर्यंत. तुला माझ्याकडून काय हवंय ते शोधत मी इतकी वर्षं बसमधून येत होतो. तुला मी हवा होतो. एवढं साधं होतं आणि माझ्यासारख्या डोळेवाल्याला ते दिसलं नाही. सांगायला काय झालं होतं तुला? मी तरीही आलो असतो रे. निदान मला तरी तसं वाटतं. तुझी खात्री नव्हती. आणि खरं सांगू, मला माहीत नाही तू चूक होतास की बरोबर.

जरा सावरल्यावर मी उठलो. म्हटलं, आता काय, सगळंच कळलं. मार्था दारापर्यंत आली. आणि मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाली, "तरी पण एक सांगू? डाव्या अंगाला खाली ते मडकं हाय ना, तेवढं जुन्या फलीचं. तेवढाच तुकडा वाळवीतून वाचला होता. इनासनं तो कापून बसवलाय. कोणाला म्हायीत न्हाय, फक्त मला."

मी परत चॅपलमध्ये गेलो. मिस्साची गर्दी होती, फुलांच्या कुंड्या अगदी चित्राला खेटून ठेवलेल्या. वाकून बघितलं. मडक्याच्या भोवती एक बारीक रेघ आहे खरी. ती फळीचा सांधा असेल किंवा नुसती भेग असेल, तेवढ्यावरून सांगता येत नाही. मागे वळून बघितलं तर मार्था दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती. तीच भुवई, किंचित वर.

ती मडक्याची गोष्ट तिनं मी चपला घालेपर्यंत रचली, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. का रचली तेही मला चांगलं कळतं. मी सेक्रेटरींना गाठलं आणि सांगितलं, बोर्ड थांबवा, तपासणी पुरी झालेली नाही. मग मार्थाकडे गेलो आणि म्हटलं, तुमच्यावर माझा अजिबात विश्वास नाही, रविवारी येतो.